विमान पोचतं चाळीस मिनिटांत, माणूस कधी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मिरजोळ्याच्या सड्यावर प्रवासी विमानतळाचं काम निघालं तेव्हापासून रत्नागिरीत एक प्रश्न हमखास कानांवर येतो. मासळी बाजारात, एस.टी. स्टँडवर, न्हाव्याच्या दुकानात. "विमानानं मुंबईला किती वेळ लागेल हो?" मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे लोकांची समजूत अशी की हा प्रश्न माझ्या खात्यातला आहे. "सर, तुम्हीच सांगा. अर्धा तास ना?" आता 'अर्धा तास' हे उत्तर चूक नाही. पण ते बरोबरही नाही. आज या पंधरा-वीस मिनिटांत मला त्या अर्ध्या तासाचाच हिशेब आपल्यासमोर मांडायचा आहे.

आधी अंतर. घरात मुलांचा शाळेचा नकाशासंग्रह असेल तर जरूर उघडा. कोकणच्या लोकांना विमानाचं अंतर काढणं फार सोपं आहे, कारण आपली किनारपट्टी जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर, रत्नागिरी १७ अंशांवर आणि सिंधुदुर्गातलं चिपी बरोबर १६ अंशांवर. एका अंशाचे साठ भाग, त्यातला प्रत्येक भाग म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर. हे माप दर्यावर्दींनी ठरवलं आणि वैमानिकांनी ते जसंच्या तसं उचललं. आजही विमानात अंतर सागरी मैलांतच मोजतात. एक अंश म्हणजे साठ मैल, म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मुंबई ते रत्नागिरी दोन अंशांहून किंचित जास्त आणि थोडं पूर्वेकडे सरकणं धरून सरळ रेषेत सुमारे २३५ किलोमीटर होतं. मुंबई ते चिपी सुमारे ३५०. रत्नागिरी ते चिपी ११५ च्या आत. पेन्सिल, पट्टी आणि पाचवीचं गणित एवढ्यावर हे काम होतं.

गंमत आहे ती आडव्या अंतरात. रत्नागिरीहून कोल्हापूरचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर. म्हणजे चिपी आणि कोल्हापूर आपल्याला जवळजवळ सारखेच लांब. पण हे सांगून आपल्या गावच्या कुणालाही पटणार नाही, आणि पटू नयेच. कोल्हापूरच्या वाटेवर आंबा घाट आहे. चिपीच्या वाटेवर घाट नाही, पण खाड्या आहेत, नद्या आहेत, आणि किनाऱ्याकाठची वाट प्रत्येक खाडीला नमस्कार करत वळसे घेत जाते. नकाशावर दोऱ्यानं मोजलेलं अंतर आणि पायाखालचं अंतर यांचं कोकणात कधीच जमलं नाही.

आता वेग. आपल्याकडच्या लहान विमानतळांवर बहुतेक वेळा येतं ते एटीआर जातीचं, दोन पंख्यांचं, सत्तरएक आसनांचं विमान. त्याचा पूर्ण वेग ताशी सुमारे पाचशे किलोमीटर. म्हणजे चिपीचे ३५० किलोमीटर बेचाळीस मिनिटांत आणि रत्नागिरीचे २३५ किलोमीटर अठ्ठावीस मिनिटांत. झाला आपला अर्धा तास! न्हाव्याच्या दुकानातलं गणित इथे संपतं.

खरं गणित इथे सुरू होतं. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर विमान येऊ लागलं. त्या वेळचं वेळापत्रक असं होतं : मुंबईहून निघणार ११ वाजून ३५ मिनिटांनी, चिपीला पोचणार १ वाजता. म्हणजे पंच्याऐंशी मिनिटं. हिशेबानं बेचाळीस, कागदावर पंच्याऐंशी. दुप्पट! मधली त्रेचाळीस मिनिटं गेली कुठे?

ही मिनिटं कुणी खाल्ली नाहीत. वेळापत्रकातला वेळ चाकं जमिनीवरून सुटल्यापासून मोजत नाहीत. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, आणि दुसऱ्या गावी विमान आपल्या जागी उभं राहिलं की थांबतं. एस.टी.सुद्धा फलाटावरून सुटते तीच वेळ धरतो ना आपण, स्टँडच्या फाटकातून बाहेर पडल्याची नाही. तसंच हे. मुंबईच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर दिवसाला नऊशेच्या वर विमानांची चढ-उतार होते. आपलं एटीआर त्या रांगेत असतं. पुढे जर एखादं अजस्र विमान उडालं असेल तर त्याच्या मागे हवेत जे भोवरे राहतात ते विरेपर्यंत लहान विमानाला थांबावंच लागतं. मोठी आगबोट गेल्यावर तिच्या लाटेत होडी घालत नाहीत, तोच न्याय. म्हणजे आपली पाच-दहा, कधी पंधरा मिनिटं मुंबईच्या जमिनीवरच गेली.

मग उड्डाण. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम. वारा समुद्रावरून येत असेल तर विमान पश्चिमेकडे तोंड करून उडतं आणि मग वळून दक्षिणेला लागतं. चिपीची धावपट्टीही साधारण पूर्व-पश्चिमच. विमान येतं उत्तरेकडून. उतरायचं असतं वाऱ्याकडे तोंड करून. म्हणजे तिथेही वळसा आला. शिवाय पूर्ण वेग हा वर पोचल्यावरचा. चढताना विमान बरंच हळू असतं, आणि उतरतानाही शेवटचा पल्ला हळूच घ्यावा लागतो.

उतरण्याचं एक सोपं कोष्टक वैमानिक वापरतात. विमान तीन हजार मीटर उंचीवर असेल तर आरामात खाली यायला त्याला सुमारे पंचावन्न-साठ किलोमीटर आधीपासून उतार धरावा लागतो. आता रत्नागिरी-कोल्हापूरचे ११० किलोमीटर डोळ्यांसमोर आणा. सह्याद्री ओलांडायचा म्हणून वर चढायचं, आणि नीट चढून होतंय तोच उतरायला लागायचं. पाचशेच्या वेगानं सरळ जाणं जवळपास नाहीच! बरं, कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच, म्हणजे उतरायचं तेही घाटमाथ्यापर्यंतच. मला त्यात नेहमी एस.टी.चा आंबा घाट दिसतो. साखरप्याहून चढायला लागायचं आणि माथ्यावर एक चहा. म्हणून विमानाच्या धंद्यात एक गोष्ट पक्की धरतात : पल्ला जितका तोकडा, तितका विमानाचा खरा वेग कमी आणि खर्च जास्त. कारण सगळ्यात जास्त इंधन लागतं ते उडताना आणि चढताना, आणि ते कोल्हापूरला जा की कोलकात्याला जा, लागतंच.

वाऱ्याबद्दल लोक फार बोलतात. ताशी पन्नास किलोमीटरचा वारा समोरून असला तर चिपीच्या पल्ल्यात फरक पडतो चार-पाच मिनिटांचा. तेवढ्याला घाबरायचं कारण नाही. वाऱ्याचा खरा त्रास उतरताना होतो, तो धावपट्टीला आडवा असला म्हणजे.

आणि राहिलेली मिनिटं? ती कंपनीनं हातचा म्हणून ठेवलेली असतात. लहान विमान दिवसभरात चार-पाच गावं करतं. चिपीलाच बघा. १ वाजता आलं की १ वाजून २५ मिनिटांनी परत निघायचं, असं ते वेळापत्रक होतं. पंचवीस मिनिटांत सत्तर माणसं उतरवायची, सत्तर चढवायची. सकाळी कुठल्या तरी तिसऱ्याच गावी धुकं पडलं की दुपारी चिपीच्या माणसाला उशीर होतो आणि तो बिचारा आभाळाकडे बघत म्हणतो, "अहो, ऊन तर लख्ख पडलंय!"

श्रोतेहो, जमिनीवरचा हा वेळ विमानविद्येच्या जन्मापासून तिच्या मानगुटीवर आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूला उतरले. सकाळी साडेसहाला निघून दुपारी दोनच्या आत मुंबईत. केवढं कौतुक झालं! पण अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे आले होते बैलगाडीतून. आकाशात केवढीही घाई करा, मध्ये कुठे तरी बैलगाडी असतेच.

आपल्या कोकणात ती बैलगाडी म्हणजे पडाव होता. माझ्या पिढीतल्या श्रोत्यांना आठवत असेल. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरं घेत खाली देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडे जायची. बोट बंदराला लागत नसे. ती दूर पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळं पडावातून न्यायचं. बोटीचा वेळ छापील असे. पडावाचा वेळ समुद्र ठरवी. आणि पावसाळा लागला की बोटी बंदच. तेव्हा मुंबईहून रत्नागिरी किती लांब, याचं उत्तर ऋतू सांगत असे. उन्हाळ्यात एक दिवस. आषाढात? घाट चढून कोल्हापूर, तिथून पुढे आगगाडी.

मग २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि हे सगळं एका रात्रीत जुनं झालं. जून २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारत धावू लागली. बेताच्या दिवसांत ती साडेचार-पाच तासांत रत्नागिरीला आणते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, कारण दरडी. तेव्हा रेल्वेचं अंतरही ऋतू ठरवतोच, फक्त पूर्वीइतका नाही.

आता या गाडीशी विमानाची तुलना करू. दादरचा माणूस मालवणला निघाला आहे, ११ वाजून ३५ मिनिटांचं विमान आहे. तो घरातून आठ-साडेआठलाच निघतो, कारण मुंबईत रस्त्याचा भरवसा नाही आणि विमानतळावर तास-दीड तास आधी पोचायलाच हवं. एक वाजता चिपी. सामान, रिक्षा, मालवणात पोचेतो दोन-अडीच. झाले सहा तास. वंदे भारतनं गेला तर दादरहून पहाटे साडेपाचला निघून साधारण सहा तासांत कणकवली, पुढे गाडीनं मालवण, म्हणजे घरापासून घरापर्यंत साडेसात-आठ तास. वाचले किती? दीड-दोन तास. विमान ताशी पाचशे किलोमीटर धावून हे दीड-दोन तास वाचवतं.

हे मी विमानाला नावं ठेवायला सांगत नाही. वयस्क माणसाला, बाळंतिणीला, पाठीच्या दुखण्याच्या माणसाला ते दोन तास फार मोठे असतात. मालवणच्या हॉटेलवाल्याला तर पाहुणे दिल्ली-बंगळूरहून यायला हवेत. त्यांना रेल्वेनं दीड दिवस काढवत नाही. विमान हवंच. माझं म्हणणं एवढंच की ते मोजायची आपली पट्टी चुकीची आहे. आपण हवेतली मिनिटं मोजतो. मोजायला हवेत ते वार.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात नोकरीला आहे. गाव मालवणजवळ. दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी संध्याकाळी त्याला फोन आला, वडील गेले. त्यानं पहिल्यांदा विमान पाहिलं. पुण्याहून सिंधुदुर्गाला विमान होतं, सरळ रेषेत २९० किलोमीटरचा पल्ला, तासाभराचा प्रवास. पण ते ठरावीक वारी होतं आणि पुढचा वार शनिवार होता. मग त्यानं आणि त्याच्या बायकोनं रात्री दहाला गाडी काढली, कोल्हापूरमार्गे घाट उतरून सकाळी सात वाजता घरी पोचले. लोक थांबले होते. त्यानं नंतर मला विचारलं, "सर, तुम्ही भूगोलात अंतर शिकवलंत. मग त्या दिवशी मला गाव किती लांब होतं? एक तास की तीन दिवस?"

मी त्याला तेव्हा काही बोललो नाही. पण घरी येऊन कागद घेऊन बसलो.

रत्नागिरीहून कोल्हापूरला समजा दर तासाला एस.टी. आहे. तुम्ही वेळ न बघता स्टँडवर गेलात तर सरासरी अर्धा तास थांबावं लागेल. दिवसातून एक विमान असेल, तर अचानक जाणं निघालेल्या माणसाला सरासरी बारा तास थांबणं आलं. आठवड्यातून तीनदा असेल, तर दोन विमानांत सरासरी छप्पन्न तासांचं अंतर पडतं, म्हणजे सरासरी वाट बघणं अठ्ठावीस तास. आणि फक्त शनिवार-रविवार असेल तर? सोमवारी सकाळी काम निघालेल्या माणसानं पाच दिवस थांबायचं. आता या अठ्ठावीस तासांत प्रवासाचा एक तास मिळवा. तो एक तास पन्नास मिनिटांचा झाला काय किंवा सत्तर मिनिटांचा झाला काय, काय फरक पडतो?

सहलीला जाणारा माणूस विमानाचा वार बघून सुट्टी टाकतो. त्याला हे वाट बघणं जाणवतच नाही. पण कोकणातला माणूस घाईनं गावी येतो तो सहलीसाठी नाही. दुखणं, मयत, कोर्टाची तारीख, जमिनीची मोजणी, मुलाखतीचं पत्र. ही कामं वार बघून येत नाहीत. विमानाची सगळ्यात जास्त गरज असते त्याच माणसाला ते मिळायची शक्यता सगळ्यात कमी असते.

सावंतवाडीच्या लोकांनी हा हिशेब कागदावर न मांडताच केला आहे. चिपी त्यांच्याच जिल्ह्यातलं. पण पेडण्याजवळचा गोव्याचा मोपा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि सावंतवाडी-बांद्याची माणसं सरळ मोपाला जाऊ लागली. चिपी आणि मोपा या दोन विमानतळांत सरळ रेषेत अंतर किती? सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. इतकं कमी की एका विमानतळाकडे निघालेलं विमान दुसऱ्याकडे वळवायला फार वेळ लागू नये. पण मोपाला दिवसभर विमानं आहेत. सकाळचं चुकलं तर दुपारचं मिळतं. माणसं जवळच्या विमानतळापेक्षा भरवशाचा विमानतळ निवडतात, हे त्यावरून दिसतं. आपल्याकडे म्हणच आहे ना, भरवशाच्या म्हशीला टोणगा. तो टोणगा होऊ नये एवढीच लोकांची इच्छा.

यात सरकारचं काय, असं कुणी विचारेल. सरकारनं याच गरजेपोटी उडान योजना काढली. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली विमानानं ती सुरू झाली. त्याच दिवशी आपल्या नांदेडहून हैदराबादचं विमानही सुटलं. या योजनेत एक मजेदार गोष्ट आहे. तिनं अंतर आणि वेळ यांना एकाच सुतात बांधलं. तासाभराचा, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास, आणि त्याला अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा, विमानातल्या ठरावीक आसनांपुरती. कंपनीला जी तूट येईल ती भरून द्यायला मदत, पण ती तीन वर्षं. कल्पना अशी की तीन वर्षांत लोकांना सवय लागेल आणि मार्ग आपल्या पायांवर उभा राहील.

मुंबई-चिपीचं विमान ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं होतं. ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. तीन वर्षं मोजा. पुढे ते पुन्हा सुरू व्हावं म्हणून राज्य पातळीवर हालचाली झाल्या, मदतीचे निर्णय झाले. पण मुद्दा हा, की लोकांना सवय लागली नाही, कारण सवय लागावी इतक्या नेमानं ते विमान आलं नाही. पावसाळ्यात सड्यावर ढग उतरले, समोरचं दिसेनासं झालं की फेरी रद्द. दोनदा असं झालं की तिसऱ्या वेळी माणूस आधी रेल्वेचं तिकीट काढतो आणि मग विमानाचा विचार करतो. विमानं रिकामी जाऊ लागली की फेऱ्या कमी होतात. फेऱ्या कमी झाल्या की उरलेलेही प्रवासी जातात. वायुदूत नावाची सरकारी कंपनी १९८१ साली खास लहान गावांसाठी निघाली होती. १९९० च्या दशकात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. तेव्हा हे दुखणं कुठल्या एका विमानतळाचं किंवा एका कंपनीचं नाही. विमान आणलं, पण नेम आणला नाही, हे त्याचं मूळ.

नेम आणता येतो का? येतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. तिथे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये विमान जातं. अंतर किती? २.७ किलोमीटर! म्हणजे आपल्या मारुती मंदिरापासून जेमतेम बाजारपेठेपर्यंत. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली आहेत आणि वारा चांगला असला तेव्हा ते त्रेपन्न सेकंदांतही गेलेलं आहे. जगातली सर्वांत तोकडी नियमित विमानफेरी म्हणून तिचं नाव सगळे घेतात, हसतात. पण त्या विमानातून जातं कोण? शाळेतले फिरते शिक्षक, डॉक्टर, रुग्ण, टपाल. आठ-दहा माणसांचं इवलंसं विमान. ते वर्षानुवर्षं येतं, म्हणून लोक त्याच्यावर आपला दिवस आखतात. सत्तर आसनांचं विमान आठवड्यातून तीनदा आणण्यापेक्षा एकोणीस आसनांचं रोज दोनदा आणावं, असं मला वाटतं. त्यात आसनामागे खर्च जास्त येतो, हे मान्य. पण सार्वजनिक पैसा घालायचाच तर तो रिकाम्या आसनांवर घालण्यापेक्षा जास्तीच्या फेरीवर घालावा.

आता आपल्या रत्नागिरीकडे वळू. आपल्याकडचा विमानतळ तसा नवा नाही. तटरक्षक दलाची विमानं, हेलिकॉप्टरं तिथून जात-येत असतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, रेल्वे थांबली, महामार्गावर वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग वाहून गेला, तेव्हा रस्ता आणि रूळ दोन्ही एकदम तुटले म्हणजे काय होतं ते आपण पाहिलं. अशा वेळी सड्यावरची ती पट्टी ही केवढी मोठी गोष्ट असते, हे सांगायला नको. प्रवासी विमानांसाठी नवी इमारत उभारायचं काम २०२५ सालीही चालू होतं.

एका बाबतीत रत्नागिरी नशीबवान आहे. मिरजोळे गावापासून फार लांब नाही, शहरातून रिक्षानं पाव तासात जाता येतं. चिपीला जायचं तर कुडाळहून पंचवीसेक किलोमीटर आत जावं लागतं. आपल्याला ते नाही. आणि तिकडच्या टोकाला नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून वाहतुकीला खुला झाला आहे. पनवेल, कामोठे, कळंबोली, नेरूळ इकडे आपलीच माणसं राहतात. मुंबईच्या त्या एकाच पट्टीवरच्या रांगेत अडकण्यापेक्षा आपलं लहान विमान तिथे उतरलं तर दोन्हीकडची जमिनीवरची मिनिटं कमी होतील. अर्ध्या तासाच्या जवळ जायचा खरा रस्ता मला हा दिसतो. विमान अधिक वेगानं पळवून काही मिळणार नाही.

पण पावसाळ्याचं काय, हा प्रश्न राहतोच. सडा तो सडाच. जून ते सप्टेंबर ढग कातळावर टेकतात, ते चिपीला टेकतात तसे मिरजोळ्यालाही टेकणार. कमी दिसत असताना विमान उतरवायला धावपट्टीच्या टोकाशी खास यंत्रणा बसवावी लागते, दिवे लागतात, त्या यंत्रणेची देखभाल करणारी माणसं लागतात. उद्घाटनाच्या भाषणात या गोष्टी येत नाहीत. फीत कापायला इमारत लागते. पण आषाढातलं विमान त्या यंत्रणेवर उतरतं, इमारतीवर नाही. तेव्हा आपल्या लोकप्रतिनिधींना कुठे भेटलात, तर "विमान कधी?" असं विचारू नका. ते आता कधी तरी येईलच. "आठवड्यातून किती वेळा? जुलैत येणार का? आणि रद्द झालं तर आमची सोय काय?" हे तीन प्रश्न विचारा.

रद्द झालेल्या फेरीची सोय ही तर अगदी स्वस्तातली गोष्ट आहे. मिरजोळ्याहून रेल्वे स्थानक लांब नाही. विमान येणार नाही असं कळलं की प्रवाशांना बसनं स्थानकावर न्यायचं आणि पुढच्या गाडीत त्यांच्यासाठी काही जागा राखलेल्या असायच्या, एवढं जमलं तरी लोक विमानाचं तिकीट काढायला घाबरणार नाहीत. दोन खात्यांनी एका टेबलावर बसायचं एवढंच. आता ते एवढंच किती अवघड असतं, हे आपण सारे जाणतो!

रत्नागिरीचं पहिलं वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येईल तेव्हा सुटण्याची आणि पोचण्याची वेळ सगळेच वाचतील. मी आधी वारांचा रकाना बघणार आहे.